चाकामागचा दगड

धाकटा हल्ली फार शहाण्यासारखा वागत होता आणि माईला तेच सोसवत नव्हतं.

बिघडलेल्या पोराचं काय करायचं हे तिला पक्कं माहीत होतं. दोन मुलगे तिने एकहाती वाढवले होते. नवऱ्यामागे पावाची भट्टी चालवली होती, आणि आपल्या तोंडाच्या धाकाने पिठाचा व्यापारीसुद्धा पोत्यात खडा येऊ देत नाही याचा तिला भारी अभिमान होता. मागून लोक तिला फौजदारीण म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पण सुधारलेल्या पोराचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

हा तोच धाकटा, ज्याला सकाळी पाय धरून अंथरुणातून ओढावं लागे. आता भट्टी तापायच्या आत हा अंगणात हजर. पावाचे क्रेट धुऊन पालथे घातलेले, टेम्पोच्या काचा पुसलेल्या. फोन तर जन्माला येतानाच कानाला लावून आला असावा अशी त्याची पूर्वीची तऱ्हा. तो फोन आता फडताळात पडून असायचा, वाजला तरी हा वळून बघत नसे. आणि उलट बोलणं बंद. ते सगळ्यात वाईट. माईने मुद्दाम खोड काढून पाहिली.

"हा चहा आहे का भांडी विसळलेलं पाणी?"

"दुसरा करतो, आई."

"दुसरा नको. हाच असा का झाला ते सांग."

"लक्ष नव्हतं माझं."

"कुठे होतं? गावाला गेलं होतं?"

पूर्वीचा धाकटा म्हणाला असता, 'तुझ्या तोंडापुढे कुणाचं लक्ष जाग्यावर राहतंय?' आणि आतून थोरला खो खो हसला असता. आताच्या धाकट्याने मान खाली घालून कप उचलला आणि तो शेगडीकडे गेला.

"अरे, उलट बोल की मेल्या!" माई त्याच्या पाठीमागून ओरडली. "घरातलं एक माणूस गेलं म्हणून दुसऱ्याने जिवंतपणी फोटोत जाऊन बसायचं असतं का?"

बोलून गेली. मग तिने कणकेच्या गोळ्यावर उगाचच दोन बुक्क्या मारल्या.

थोरला थंडीच्या दिवसांत गेला होता. घाटात. त्या दिवशी धाकटा नेहमीप्रमाणे टेम्पो घेऊन वर निघाला होता, घाटमाथ्यावरच्या दुकानांना आणि चहाच्या टपऱ्यांना पाव पोचवायला. केकचं एक खोकं खालीच राहिलं. थोरला म्हणाला, मी मोटरसायकलवर टाकतो आणि गाठतो त्याला. खोकं मागे बांधलं, निघाला, आणि पोचलाच नाही. धुक्यात, वळण संपतं तिथे, मोटरसायकल कठडा फोडून खाली गेली. केकचं खोकं म्हणे वरच राहिलं होतं, झुडपात, साधं चेपलंही नव्हतं. हे माईला कोणीतरी सांगितलं होतं आणि ती सांगणाऱ्यावर अजून चिडून होती.

पोलीस चौकीवरच्या साहेबांनी थोरल्याचा फोन आणून दिला, काच तडकलेला. त्यावर शेवटचा फोन बायकोचा. न उचललेला. साहेब म्हणाले, "चालत्या गाडीवर खिशातून फोन काढायला गेला असणार. आम्ही रोज बघतो हो. एका हाताने गाडी, एका हाताने फोन, आणि समोर दरी." एवढं बोलून ते गेले, आणि सगळ्या गल्लीने ते प्रमाण मानलं.

माईनेही मानलं. माणसांनी घर भरलेलं असताना, उंबऱ्यात उभी राहून ती सुनेला म्हणाली, "घरातून बाहेर पडून त्याची पाठ वळली नव्हती. एवढं काय अडलं होतं गं तुझं त्याच्यावाचून?"

एकदाच म्हणाली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण माईचं एकदा बोललेलं लोकांचं दहादा ऐकलेलं असायचं. सुनेने आपला फोन बंद केला, पीठ चाळायच्या चाळण्यांमागे ठेवून दिला, आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही. पाव बांधायच्या टेबलाशी ती उभी राहायची. कागद घ्यायचा, पाव ठेवायचे, घडी, दुसरी घडी, दोरा. काम चोख, तक्रार करायला जागा नाही. माहेरच्यांनी दोनदा बोलावलं, गेली नाही. उभ्याउभ्याच जेवायची. रस्त्यावरून मोटरसायकल गेली की घडीवरचा हात थांबायचा, आवाज लांब गेला की पुन्हा चालू व्हायचा. माईला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं, आणि तिच्या मनात यायचं, भोगू दे. असं मनात आल्यावर ती तोंड फिरवून ओरडायला दुसरं कोणीतरी शोधायची.

धाकटा तेवढा वहिनीच्या वाटेला जाऊ देत नव्हता कुणाला. तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवायचा. पाण्याची बादली तिच्या हातातून काढून घ्यायचा. ती काही म्हणायची नाही, हाही बघायचा नाही तिच्याकडे. माईला वाटे, चांगलं आहे, पोर माणसात आलं. आणि तरी कुठेतरी खुपायचंच.

मग एक दिवस अंगणात तिला ठोकळा दिसला.

ठोकळा म्हणजे माईच्या नवऱ्याची करामत. घाटातल्या मालाच्या गाड्यांचा हँडब्रेक नुसता नावाला असतो. चढावर थांबायचं तर मागच्या चाकाला दगड लावावाच लागतो. पण माणूस गाडीत एकटा असला की पंचाईत. गाडीचं सगळं वजन दगडावर. काढायचा तर गाडी मागे येणार. म्हणून आधी गाडी सुरू करायची, पुढे न्यायची, जरा सपाटी आली की थांबून, चालत मागे जाऊन दगड उचलायचा. एवढं कोण करतो? दहातले नऊ जण तसेच निघून जातात आणि दगड रस्त्याच्या मधोमध बसून राहतो, पुढच्याची वाट बघत. माईच्या नवऱ्याने त्यावर तोड काढली होती. लाकडाचा एक पाचरीसारखा ठोकळा, त्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक टेम्पोच्या पोटाखाली बांधलेलं. गाडी पुढे निघाली की ठोकळा आपोआप फरफटत मागे येणार. विसरायचा प्रश्नच नाही.

घाटातले ड्रायव्हर यावर हसायचे. 'मागे बोकड बांधलाय का?' म्हणायचे. नवऱ्याने आणि थोरल्याने ते हसण्यावारी नेलं. धाकट्याच्या हाती टेम्पो आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते ठोकळा सोडून लाकडांच्या ढिगात टाकायचं. "शेपटी लावून फिरायला मी काय माकड आहे?" म्हणाला होता.

तोच ठोकळा आता टेम्पोखाली परत आला होता. नवीकोरी दोरी, बोटाएवढी जाड, गाठीवर गाठ मारलेली.

"अक्कल आली म्हणायची," माई म्हणाली.

धाकटा टेम्पोखालून बाहेर आला, हात पुसले, आणि "हो" म्हणाला. बस.

माईला घाटावर जायचं कारण घडलं ते क्रेटवरून. माथ्यावरची टपरीवाली पावाचे रिकामे क्रेट परत पाठवत नव्हती. त्यात म्हणे तिने कोंबड्या ठेवल्या होत्या. हे ऐकल्यावर माईने पदर खोचला.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर. बघते तिच्या कोंबड्या."

"मी सांगतो ना तिला, आई. तुला त्रास होईल. वळणं फार आहेत."

"तू सांगणार? तू हल्ली मांजरालासुद्धा 'जरा सरका' म्हणतोस. मी येणार."

धाकट्याचा चेहरा उतरला. माईला वाटलं, आईची लाज वाटते पोराला. तेवढ्याने तिला जरा बरंच वाटलं. काहीतरी जुनं शिल्लक होतं म्हणायचं.

थोरला गेल्यापासून ती घाट चढली नव्हती. त्याला खाली आणलं तेच तिने पाहिलं. जागा पाहिली नव्हती.

सकाळी निघाले. पावाचा गरम वास टेम्पोत भरला होता. पहिल्या वळणापासूनच माईचं तोंड सुरू झालं, आणि रस्त्याने तिला खाद्य काही कमी पुरवलं नाही. एका मोटारीतला माणूस खिडकीतून अर्धा बाहेर येऊन डोंगराचं चित्रण करत होता, आणि गाडी चालवणारा रस्ता सोडून त्याच्या फोनमध्ये बघत होता. "आत घे ते डोकं! एकच दिसतंय, दुसरं नाही मिळायचं!" माई ओरडली. पुढे एक प्रवाशांची बस वळणावर निम्मा रस्ता खाऊन आली. तिचा ड्रायव्हर मान पूर्ण मागे वळवून कोणा प्रवाशाशी तावातावाने वाद घालत होता. "ह्याला मानेच्या मागे डोळे आहेत वाटतं," माई म्हणाली. डोंगराच्या बाजूने पाझर फुटून खडी रस्त्यावर वाहून आली होती. एका ठिकाणी शेळ्यांचा कळप रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखा बसला होता.

धाकटा दोन्ही हात चाकावर ठेवून, प्रत्येक वळणावर हॉर्न देत चालला होता. माईच्या एक ध्यानात आलं. हा वळणाकडे बघतच नव्हता. डांबराकडे बघत होता. दोनदा त्याने टेम्पो थांबवला, ठोकळा लावला, आणि रस्त्यात पडलेला दगड उचलून कडेला, आतल्या बाजूला नेऊन ठेवला. एक तर साधा मुठीएवढा होता.

दुसऱ्या वेळी मागे दुधाचा टँकर खोळंबला. टँकरवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"काय रे पाववाल्या, रस्ता झाडायचं काम घेतलंस का?"

"तू दुधात पाणी घालायचं घेतलंयस, त्याने हे घेतलं," माई म्हणाली. "थांब गप."

"माई, तुम्ही आहात होय! थांबतो, थांबतो." टँकरवाला ओशाळला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "माई, तुमचा हा प्रत्येक फेरीला असाच करतो. भाऊ गेल्यापासून. आम्ही काही बोलत नाही."

माईने धाकट्याकडे पाहिलं. तो हातातला दगड कडेला असा ठेवत होता, जसं झोपलेलं मूल खाली ठेवावं.

अर्ध्या चढावर झरा होता. खडकाला कोणीतरी नळी ठोकून दिली होती, तिच्यातून बारमाही पाणी पडायचं. भरलेल्या गाड्यांची इंजिनं इथवर येईतो तापतात, म्हणून सगळे इथे थांबतात, रेडिएटरमध्ये पाणी घालतात, तोंडावर मारतात, पुढे जातात. माईच्या नवऱ्याचा टेम्पो तर या जागेला इतका सरावला होता की झरा जवळ आला की तापमानाचा काटा आपोआप वर चढायचा.

काटा चढला. बॉनेटमधून शिटीसारखा बारीक आवाज यायला लागला. धाकट्याने वेग कमी केला नाही.

"झरा आला रे."

"हो."

"हो काय? थांब. पाणी मागतोय तो."

"पुढे थांबू."

"पुढे कुठे? पुढे तुझ्या सासऱ्याने विहीर खणलीय? अरे, झरा गेला!"

झरा मागे गेला. धाकट्याचे ओठ पांढरे पडले होते. वळण घेतलं, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली, काच धुरकटली. जळका वास आला. इंजिन दोन-तीनदा खोकलं आणि बंद पडलं. टेम्पो क्षणभर जागीच उभा राहिला, मग हळूहळू मागे यायला लागला. मागे पावाचे क्रेट घसरून एकमेकांवर आदळले.

धाकट्याने ब्रेकवर पाय रोवला. टेम्पो थरथरत थांबला.

"उतर! ठोकळा लाव!" माई म्हणाली.

तो हलला नाही. दोन्ही हात चाकावर, पाय ब्रेकवर, डोळे समोर.

माई या वयात, लुगडं सावरत, दार धरून खाली उतरली. मागे जाऊन तिने ठोकळा ओढला आणि मागच्या चाकामागे ढकलला, वर पायाने दोन लाथा मारून पक्का केला. मग पाण्याचा डबा घेतला आणि वळणावरून चालत खाली झऱ्याकडे निघाली.

दोन पावलं गेली आणि तिला कठडा दिसला. सगळा कठडा काळपट, शेवाळलेला, आणि मध्ये तेवढाच भाग नवा, पांढरा चुना लावलेला. दात पडून नवा बसवावा तसा.

ती थांबली. इथेच. लोकांनी सांगितलं होतं, वळण संपतं तिथे. झऱ्याच्या वर, असं कोणी म्हणालं नव्हतं. इथून झऱ्याच्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

तिने कठड्याला हात लावला नाही. खालीही पाहिलं नाही. उभी राहिली. डबा हातात हलका होता तरी हात भरून आला. भरलेला टेम्पो. झरा. पाणी घालायला थांबायचंच. गर्दी असली तर झऱ्याच्या जरा पुढे, वळणापलीकडे थांबायचं, चढावर. चाकाला काहीतरी लावायचं. ठोकळा तेव्हा लाकडांच्या ढिगात होता.

ती झऱ्यावर गेली, डबा भरला, परत आली. बॉनेट उघडं करून, हाताला पदर गुंडाळून झाकण सैल केलं, वाफ जाऊ दिली. मग खिडकीशी आली.

"त्या दिवशी तू इथे थांबला होतास."

धाकट्याने मान हलवली.

"चाकाला काय लावलं होतंस?"

"दगड."

"उचललास?"

त्याच्या पायाखाली ब्रेक अजून दाबलेलाच होता, ठोकळा लावला असूनही.

"मी विचारतेय, उचललास?"

"फोनवर दादाच होता, आई." तो म्हणाला. "इथे थांबलो तेव्हा लक्षात आलं की खोकं राहिलं. मीच त्याला फोन केला. तो हसायला लागला. म्हणाला, तुझं डोकं तरी आणलंस ना बरोबर, का तेही घेऊन येऊ? मी पण हसत होतो. बोलत बोलतच गाडी काढली. पुढे सपाटीला थांबायचं ते... फोन चालू होता, आई. वर पोचेपर्यंत दगड डोक्यातच आला नाही."

"मग?"

"तो येईना. मी शोधत खाली आलो. धुकं होतं. इथे आलो तर दगड रस्त्याच्या मधे नव्हता, कडेला उडाला होता. त्याच्यावर टायरचा काळा पट्टा. कठडा फुटलेला." त्याने डोळे मिटले. "मी दगड उचलला आणि दरीत टाकला. आई, आधी दगड टाकला मी. मग खाली वाकून बघितलं."

वाऱ्याने बॉनेटची वाफ दोघांच्या मधून गेली. माईचा हात खिडकीवर होता. धाकटा त्या हाताकडे बघत होता. त्याला वाटलं असेल आता तो उठेल. लहानपणी उठायचा तसा. तो हात उठला नाही.

"फोन ठेवला की लगेच निघाला असेल तो," माई स्वतःशीच म्हणाली. "नेहमीचंच त्याचं. हातासरशी काम."

मग तिने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, सगळा डबा, सावकाश. झाकण लावलं. आत येऊन बसली.

"चल. पाव वाळतील."

घाटमाथ्यावर टपरीवालीने माईला पाहिलं आणि ती भांडणाच्या तयारीने कमरेवर हात ठेवून पुढे आली. क्रेटमधल्या कोंबड्याही मागे कलकल करत होत्या. माई काहीच बोलली नाही. पाव उतरवून झाले तशी परत टेम्पोत जाऊन बसली. "बरं नाही का हो माईंना?" टपरीवालीने धाकट्याला विचारलं. तिनेच घाईघाईने कोंबड्या हुसकावल्या, क्रेट धुतले आणि आणून ठेवले. माईने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

उतरताना तिच्या डोळ्यांपुढे थोरला नव्हता. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. डोळ्यांपुढे होतं ते पाव बांधायचं टेबल, आणि मोटरसायकल गेली की घडीवर थांबणारा हात.

घरी आले तेव्हा दुपार टळली होती. भट्टीवरचे दोघे कामकरी जेवून पडले होते. माईने त्यांना उठवून बाहेर घालवलं. सून टेबलाशी होती. माईने तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"बस."

"इथेच बरी आहे, आई."

"बस म्हणते ना. पहिल्यांदा माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी सांगतेय."

सून बसली. माईने दारात उभ्या धाकट्याला बोटाने आत बोलावलं. "सांग. मला सांगितलंस तसं. एक शब्द कमी नको आणि रडून वेळ काढू नकोस."

त्याने सांगितलं. टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं. सून हातातला कागद घडी घालायला घेतलेला तसाच धरून ऐकत होती. दगड रस्त्यात राहिला इथवर ती नुसती ऐकत होती. दगड दरीत टाकला इथे तिने मान वर केली आणि पहिल्यांदा दिराकडे सरळ पाहिलं.

"म्हणजे फोन काढायला त्यांनी हात सोडला नव्हता?"

"ते मला नाही माहीत, वहिनी. दगड रस्त्यात होता आणि धुकं होतं, एवढं माहीत आहे. दोन्ही हात हँडलवर असते तरी तो दगड कोणाला चुकवता आला नसता."

सून म्हणाली, "मफलर राहिला होता खुंटीवर. वर गार असतं. तेवढंच सांगायला फोन लावला होता. वाजून वाजून बंद झाला. मला वाटलं, गाडीवर आहेत म्हणून उचलत नाहीत, शहाणे आहेत." कागद तिच्या हातात चुरगळला. "रोज वाटायचं, मफलरच राहू दिला असता तर काय झालं असतं? थंडीच वाजली असती."

ती रडली नाही. चुरगळलेला कागद टेबलावर ठेवून तळहाताने सपाट करत राहिली. सुरकुती जात नव्हती.

माईचं तोंड कधी कोणापुढे अडलं नव्हतं. आता अडलं. दोनदा उघडून तिने मिटलं.

"मी उंबऱ्यात बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते," ती शेवटी म्हणाली. "परत घेईन तेही सगळ्यांसमोर. उद्याच. गल्लीतल्या बायकांना बोलावून."

"घ्या," सून म्हणाली. "पण परत घेऊन माझ्यातून जाणार आहे का ते, आई? ते माझ्या अंगात मुरलंय."

सून उठली, आत गेली. चाळण्यांचा खडखडाट झाला. तिने तिथला फोन काढला असावा. दार लावल्याचा आवाज आला.

धाकटा जमिनीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. "आई, मी चौकीत जातो. सांगतो सगळं. मला मारायचं तर मार, पण असं बघू नकोस."

माई त्याच्यासमोर उभी राहिली. पोर म्हणून तो तिला केवढासा वाटत होता. पोटाशी धरावं इतका. तिने हात पाठीमागे घेतले, एकात एक घट्ट धरले, आणि बोलली. ओरडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कदाचित.

"चौकीत उद्या जाऊ. मी येते बरोबर, एकट्याला पाठवत नाही. दगड राहिला, त्याचं काय ते तिथली माणसं ठरवतील. मी त्यावर बोलणार नाही. ह्या घाटात रोज कुणाचा तरी राहतो, तुझा राहिला. घाबरून तो दरीत टाकलास, तेही मला कळतं. त्या दिवशी येऊन सांगितलं असतंस तर तुझ्या गळ्यात पडून रडले असते रे मी, त्याच्यासाठी आणि तुझ्यासाठीही. पण मी उंबऱ्यात हिला बोलले तेव्हा तू कुठे होतास? तिथेच. दाराला टेकून. मी पाहिलंय तुला. एक शब्द पुरत होता तुझा, आणि तू तिला खुर्ची आणून दिलीस. रोज बघितलंस तिला जळताना आणि बादल्या उचलत राहिलास. ते चौकीतले लिहून घ्यायचे नाहीत. ते माझ्याकडेच आहे. तुझं जेवण बंद करणार नाही, घर तुझं आहे, भट्टी तुझी आहे. पण मला आई म्हणून हाक मारायची नाही. तुझी वहिनी ज्या दिवशी आपण होऊन तुला भावजी म्हणेल, मी सांगून नाही, तू पाया पडून नाही, तिला वाटेल तेव्हा, त्या दिवशी ये आणि म्हण. तोपर्यंत माझे दोघेही मुलगे त्याच वळणावर गेले."